पार्श्वभूमी : काळजीचा आजार आणि ‘स्वीकार’ या शब्दाचा घोळ
नाशिकमध्ये दवाखान्यात गेलेली बाई ‘मला चिंता आहे’ असे सहसा म्हणत नाही. छातीत धडधडते, मान आखडते, रात्री तीनला जाग येते, फार टेन्शन आहे, असे सांगते. बीपी, थायरॉइड, ईसीजी सगळे नॉर्मल येते आणि जीव काही थाऱ्यावर येत नाही.

या आजाराला ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’, म्हणजे सतत सगळ्याचीच काळजी लागून राहण्याचा आजार, हे वेगळे नाव मिळाले 1980 साली, मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. तोवर भीतीचे अचानक येणारे झटके आणि दिवसभर भुंग्यासारखी पोखरणारी काळजी ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ या एकाच पोत्यात होती. आधी निदानाला महिनाभराची लक्षणे पुरत. 1987 मध्ये मुदत सहा महिने झाली. पुरुषांच्या जवळपास दुप्पट स्त्रियांना तो होतो, हे नंतरच्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसले.

चुकीचे विचार तपासून बदलायचे, ही सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी या मानसोपचाराची) रीत इथेही वापरली गेली, पण बऱ्याच जणांची काळजी पुरती जाईना. त्यातून एक वेगळी मांडणी पुढे आली : काळजी करणे हीच एक पळवाट आहे. मनात शब्दांचे दळण चालू राहिले की खरी भीती अंगावर यायची टळते, शिवाय आपण काहीतरी करतोय असेही वाटते. मग ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला कसा लागू पडणार? या मांडणीवर अमेरिकेत सोळा बैठकांचा स्वीकाराधारित उपचार उभा राहिला. 2008 च्या चाचणीत 31 जण होते आणि निकाल उत्तम आला. 2013 मध्ये 81 जणांवर त्याची तुलना स्नायू सैल करण्याच्या जुन्या पद्धतीशी झाली, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. समर्थक पहिली चाचणी मोठ्याने सांगतात, दुसरी जरा हळू. पुढे इराणमध्ये फक्त स्त्रियांच्या छोट्या गटांवरही अभ्यास झाले.

मराठीत मात्र खरी अडचण ‘स्वीकार’ याच शब्दाची आहे. साखरपुड्यापासून जिला ‘जरा जुळवून घे’, ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ हेच ऐकवले गेले, तिला समुपदेशकही ‘स्वीकारा’ म्हणाला, तर ती काय समजेल? घरात आहे ते गिळा. मूळ उपचारात तसे अजिबात नाही. स्वीकार करायचा तो आत उठणाऱ्या विचाराचा, धडधडीचा, भीतीचा. नवऱ्याच्या मारहाणीचा किंवा टोमण्यांचा नव्हे. उलट भीतीशी झगडण्यात जाणारी ताकद वाचवून, आपल्याला जे मोलाचे वाटते त्यासाठी पाऊल उचलायचे असते, मग ते घरात न आवडणारे का असेना. निफाडकडच्या बागाईतदारणीला हे लगेच कळेल : द्राक्षे तोडणीला आली की ‘अवकाळी येईल’ हा विचार येणारच, त्याला हाकलत रात्र काढायची नाही, येऊ द्यायचा, आणि सकाळी बागेवर प्लास्टिक टाकायचे. म्हणून मला ‘येऊ देणे’ हाच शब्द बरा वाटतो. त्यात आपली ‘काळजी’ दुहेरी : ‘काळजी घेणे’ म्हणजे माया, ‘काळजी करणे’ म्हणजे आजाराची वाट. काळजी सोडा म्हटले की आईला ते माया सोडा असेच ऐकू येते.

जिल्ह्यातच, इगतपुरीत, 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात, त्यामुळे ‘हे तर आपलेच’ असे इथे पटकन म्हटले जाते. जे उठेल ते न झगडता पाहणे, एवढे साम्य खरे. पण शिबिर हा मानसोपचाराचा पर्याय नाही, असे तिथेही सांगतात.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला, तो 2018 पासून लागू आहे. 2022 पासून सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फुकट फोन करता येतो, मराठीतही. पहिले बोलणे त्यावर होते. सोळा बैठकांसाठी मात्र दिंडोरीहून एसटीने दर आठवड्याला शहरात यायचे, तर घरी आधी ‘कशाला?’ याचे उत्तर द्यावे लागते.