मोपा-दाबोळीच्या जवळ घर बांधताय? हाइट एनओसी, तिचे कागद आणि सॅटेलाइट अप्रोचची भानगड

गोव्यात मोपा विमानतळाजवळ, पेडण्यात, हल्ली प्लॉट घेतलेला माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हाच प्रश्न येतो, पंचायतीने एअरपोर्टची एनओसी मागितली, म्हणजे एवढ्या उंचीचं घर बांधायला हरकत नाही असा दाखला, तो कुठे मिळतो? आणि बहुतेक जण पहिल्यांदा जातात मोपाच्या टर्मिनलवर, तिथे गेटवरचा सिक्युरिटीवाला त्यांना परत पाठवतो, कारण एअरपोर्ट चालवणारी कंपनी ही एनओसी देतच नाही. सिव्हिल विमानतळांसाठी हाइट एनओसी देते एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे एएआय, आणि अर्ज ऑनलाइन असतो, नोकास नावाच्या पोर्टलवर. गोवा एएआयच्या वेस्टर्न रीजनमध्ये येतं, त्याचं ऑफिस मुंबईला.

दाबोळीचं मात्र वेगळं आहे. तो मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा, आपण प्रवासी जातो तो भाग फक्त सिव्हिल एन्क्लेव्ह. डिफेन्सच्या धावपट्टीच्या आसपासची हाइट एनओसी डिफेन्सकडूनच येते, म्हणून वास्को, चिखली, सांकवाळवाल्यांनी नौदलाकडे जायचं, मोपाच्या बाजूवाल्यांनी एएआयकडे.

आता कोणाला लागते ते. नियम आहे २०१५ चा, सप्टेंबरमध्ये नोटिफाय झाला, डिसेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. विमानतळाच्या रेफरन्स पॉइंटपासून, म्हणजे विमानतळाची जागा म्हणून अधिकृतपणे ठरवलेल्या बिंदूपासून, २० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरायचं, आणि ते हवेतून, रस्त्याने नाही. मोपापासून हे वर्तुळ काढलं तर अख्खं म्हापसा आत येतं, पलीकडे महाराष्ट्रात बांदा आणि सावंतवाडीसुद्धा. पणजी मोपाच्या वर्तुळाबाहेर राहते पण दाबोळीच्या वर्तुळात सापडते, आणि मडगाव दाबोळीच्या काठावर. म्हणजे गोव्यात एअरपोर्ट कुठे आणि मी कुठे असं म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात आतच असतात.

पण घाबरू नका, २० किलोमीटरमधल्या प्रत्येक तळमजल्याला मुंबईपर्यंत फाइल पाठवावी लागत नाही. कलर कोडेड झोनिंग मॅप नावाचा प्रकार असतो, एएआय तो बनवून स्थानिक संस्थांना देते, त्यात भाग रंगांत वाटलेले असतात आणि प्रत्येक रंगाला एक उंची. त्या उंचीच्या खाली असाल तर स्थानिक संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते. फक्त लाल झोनमध्ये मात्र काहीही बांधा, एनओसी लागतेच. म्हणून पहिलं काम हे की पंचायतीत, पालिकेत किंवा पीडीएत (प्लॅनिंग अँड डेव्हलपमेंट ऑथॉरिटी) जाऊन आपला सर्व्हे नंबर नकाशात कुठल्या रंगात येतो ते विचारा, अर्ज नंतर.

आता सॅटेलाइटचा विषय इथे का आला ते सांगतो, नाहीतर कागद का मागतात ते कळत नाही आणि माणूस उगाच चिडतो. पूर्वी विमान खाली यायचं ते जमिनीवरच्या यंत्राचा रेडिओ बीम पकडून, आयएलएस म्हणतात त्याला, ते आजही आहेच. नवीन पद्धत म्हणजे आरएनपी अप्रोच. यात जमिनीवरच्या बीमची गरज नसते, आकाशात अक्षांश-रेखांशाचे ठरवलेले बिंदू असतात, विमान जीपीएसवर आपली जागा ओळखत एका बिंदूवरून दुसऱ्यावर येतं, आणि आपली जागा भरवशाची आहे की नाही हे विमानातली सिस्टीम स्वतः तपासत राहते, नसेल तर पायलटला अलर्ट देते. शेवटच्या टप्प्यात साधारण ०.३ नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास, इतकी अचूकता धरलेली असते. त्याच्यावर आपलं गगन, इस्रो आणि एएआयने मिळून केलेलं, जे जीपीएसच्या चुका सुधारून जीसॅट उपग्रहांवरून परत पाठवतं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या मदतीने उतरवून दाखवलं होतं.

हे अप्रोच डिझाइन करणारा माणूस काय करतो, तर आजूबाजूचे डोंगर, टॉवर, बिल्डिंग, धुराडी सगळ्यांची जागा आणि उंची घेतो, त्यावर सुरक्षित अंतर ठेवतो आणि मग ठरवतो की पायलटने धावपट्टी दिसल्याशिवाय किती खाली यायचं. मधे कोणी एक उंच टॉवर उभा केला की हा आकडा वर सरकू शकतो. गोव्याच्या जुलैत, ढग सड्याला, म्हणजे पठाराला, टेकलेले असताना, हा आकडा शंभर फुटांनी जरी वाढला तरी विमान उतरण्याऐवजी पुन्हा वर जातं आणि दुसऱ्या शहरात जाऊन उतरतं. म्हणून तुमच्या घराचे कोऑर्डिनेट आणि उंची त्यांना नेमकी पाहिजे असते. एअरलाइनलाही अशा अप्रोचने विमान उतरवायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मान्यता लागते, योग्य उपकरण, ट्रेन केलेले पायलट आणि दर २८ दिवसांनी अपडेट होणारा नॅव्हिगेशन डेटाबेस, पण तो आपला कागद नाही.

कागदाकडे येऊ. मालकी दाखवायला एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन हाताशी ठेवा, पंचायत आणि टीसीपी (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खातं) नाहीतरी मागणारच. एनओसीच्या अर्जाला खरे महत्त्वाचे तीन कागद. एक अंडरटेकिंग, स्टॅम्प पेपरवर, की दिलेली माहिती बरोबर आहे आणि दिलेल्या उंचीच्या वर जाणार नाही. दुसरं साइटच्या कोऑर्डिनेटचं सर्टिफिकेट, डब्ल्यूजीएस-८४ मध्ये (जीपीएस वापरतं ती अक्षांश-रेखांशाची पद्धत), अंश-मिनिट-सेकंदात, आणि प्लॉटच्या एका कोपऱ्याचं नाही, सगळ्या कोपऱ्यांचं. तिसरं साइट एलिव्हेशनचं सर्टिफिकेट, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. अर्ज मालकाऐवजी आर्किटेक्ट किंवा बिल्डर करत असेल तर अधिकारपत्र हवं.

खरी गोची तिसऱ्या कागदात आहे. माझ्या मावसभावाची फाइल परत आली ती याच कागदासाठी. त्याच्या सर्व्हेवाल्याने प्लॉटवर जीपीएस मशीन लावलं आणि मशीनने दाखवला तो आकडा तसाच सर्टिफिकेटवर टाकला. जीपीएस जी उंची मोजतं ती एका गणिती गोळ्यापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि आपल्या भागात ह्या दोघांत मोठा फरक आहे, मोरजीच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर कच्चं जीपीएस तुम्हाला समुद्राच्या पन्नास मीटरहून जास्त खाली दाखवेल! सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून लेव्हल आणायची किंवा जिऑइडचं, म्हणजे त्या गोळ्यातल्या आणि समुद्रसपाटीतल्या फरकाचं, करेक्शन लावायचं, हे करणारा सर्व्हेयर घ्या आणि त्याला तोंडावर विचारा, ही उंची एमएसएलपासून, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीपासून, आहे ना. मोबाइल अॅपचे कोऑर्डिनेट तर टाकूच नका.

पोर्टलवर अकाउंट काढलं की विमानतळ निवडायचा, कोऑर्डिनेट भरायचे, एलिव्हेशन, बांधकामाची उंची, कागद अपलोड, सबमिट, मग अॅप्लिकेशन आयडी येतो तो जपून ठेवा. इथे लोक फसतात ते उंचीच्या व्याख्येत. एनओसीत येतं परमिसिबल टॉप एलिव्हेशन, म्हणजे जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची अधिक इमारतीचं सगळ्यात वरचं टोक, त्यात लिफ्ट रूम, पाण्याची टाकी, अँटेना, वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) सगळं. समजा ७५ मीटर मिळालं आणि प्लॉट ६२.४ वर आहे, तर हातात राहिले १२.६. दोन मजल्यांचं घर साडेदहा मीटर झालं आणि वर तीन मीटरची लिफ्ट रूम काढलीत की गेलात बाहेर.

आपल्याकडे एक फायदा आहे, मोपा काय आणि दाबोळी काय, दोन्ही सड्यावर. धावपट्टीच्या बाजूंना ४ किलोमीटरपर्यंत मर्यादा साधारण विमानतळाच्या उंचीच्या ४५ मीटर वर असते, त्यामुळे खाली भाटात असलेल्या घराला भरपूर जागा उरते. धावपट्टीच्या टोकाच्या सरळ रेषेत मात्र तसं नाही, तिथे पृष्ठभाग ५० मीटरला १ मीटर इतकाच चढतो. टोकापासून दीड किलोमीटरवर जेमतेम २९ मीटर मिळतात, तेही टोकाच्या उंचीपासून, आणि तुमचा प्लॉट समोरच्या टेकडीवर २० मीटर वर असेल तर ९ मीटरसुद्धा उरत नाहीत. म्हणून प्लॉट घेण्याआधी धावपट्टीची रेषा नकाशावर वाढवून बघा, रेट स्वस्त का आहे ते तिथेच कळतं.

मिळालेली उंची कमी वाटली तर अपेलेट कमिटीकडे जाता येतं, तिथे एरोनॉटिकल स्टडीचा, म्हणजे जास्त उंचीने विमानांना खरंच अडथळा होतो का याच्या तांत्रिक अभ्यासाचा, मार्ग असतो, पण तो मोठ्या प्रोजेक्टना परवडतो, घराला नाही, घराने एक मजला कमी करावा. बिल्डिंगची एनओसी ८ वर्षं चालते, तेवढ्यात बांधकाम संपवा.

आणि बांधकामाची क्रेन. ती तात्पुरती म्हणून कोणी मोजत नाही, पण तिचं टोकसुद्धा परमिसिबल टॉपच्या आतच हवं, कॉन्ट्रॅक्टरला लेखी द्या. माडांचं पण ऐका, १९९४ चा एक नियम आहे, अडथळा ठरणारी बांधकामं आणि झाडं हटवण्याचा, त्याच्या नावातच झाडं आहेत, तेव्हा धावपट्टीच्या रेषेत जुना वीस-पंचवीस मीटरचा माड असेल तर त्याचीही नोटीस येऊ शकते.