शौथाओ: वाढदिवसाच्या वाफवलेल्या पीचमागचा इतिहास

चीनमध्ये साठी, सत्तरी, ऐंशीला ज्येष्ठांपुढे शौथाओ मांडतात. गव्हाच्या पिठाचे, आत गोड सारण भरलेले आणि टोकाला गुलाबी रंगवलेले हे पीच वाफवून केलेले असतात. पीचच का, याचं उत्तर पुराणकथेत सापडतं. पश्चिमेची राणीमाता शी वांगमू हिच्या बागेतले पीच खाल्ले की अमरत्व मिळतं, अशी जुनी श्रद्धा आहे. 1592 साली छापलेल्या ‘शीयौ जी’ या कादंबरीत तर त्या झाडांच्या तीन जाती आहेत. त्यांची फळं 3000, 6000 आणि 9000 वर्षांनी पिकतात. दीर्घायुष्याचा देव शौशिंगही हातात पीच घेऊनच चित्रांत दिसतो.

खरं फळ मात्र उन्हाळ्यातच मिळतं, आणि वाढदिवस कोणत्याही महिन्यात येतो. पिठाचा पीच ही अडचण सोडवतो. मानथौ या वाफवलेल्या पावाची परंपरा त्याआधीच रुजलेली होती: इ.स. 300 च्या आसपास शू शी या कवीने वसंताच्या सुरुवातीच्या मेजवानीला मानथौ वाढावा असं लिहून ठेवलं आहे. तेव्हा त्यात सारण असे. उत्तरेत पुढे मानथौ म्हणजे बिनसारणाचा, आणि सारणाचा तो बाओत्झ, अशी विभागणी झाली. शौथाओ या दुसऱ्या घरातला. उत्तरेत सारण बहुधा अझुकी या लाल कडधान्याचं, तर दक्षिणेत कँटनकडे कमळबियांचं असतं.

पूर्वी आदल्या दिवसाच्या आंबट पिठाने आंबवत आणि आंबटपणा मारायला खार (सोड्यासारखा क्षार) घालत. खार कमी पडला तर बाओत्झ आंबट लागतो, जास्त झाला तर पिवळा पडतो. पांढराशुभ्र पीच हवा असल्याने ही चूक झाकता येत नसे. आता 500 ग्रॅम मैद्याला 250 मिली पाणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 50 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम चरबी किंवा तेल घेतात. पीठ गुळगुळीत होईपर्यंत मळावं. हवेचे फुगे राहिले की साल खडबडीत होते. 50 ग्रॅमच्या गोळ्यात 25 ग्रॅम सारण भरून वर टोक घडवायचं आणि सुरीच्या बोथट बाजूने एका कडेला खाच पाडायची.

सगळी कसोटी या खाचेचीच. पीठ फुगताना ती भरून येते, म्हणून गरजेपेक्षा खोल दाबावी. गोळा दीडपट झाला की थांबावं. दुप्पट फुगू दिला तर टोक बसतं आणि पीचचा नुसता गोळा उरतो. मध्यम आचेवर 12 ते 15 मिनिटं वाफ द्यावी. आच बंद केल्यावर 3 ते 5 मिनिटं झाकण काढू नये, नाहीतर एकदम गार हवा लागून साल सुरकुतते. खाच बुजलीच असेल तर गरम असतानाच पुन्हा दाबता येते.

रंगासाठी लाल बुरशीवर आंबवलेल्या तांदळाची पूड पाण्यात कालवून ब्रशने टोकावर शिंपडतात. हा रंग वाफेत टिकतो, बीटचा फिका पडतो. हिरव्या पिठाची दोन पानं तळाशी चिकटवतात. हाँगकाँगमध्ये मोठ्या समारंभाला एक भला मोठा पोकळ पीच करतात. तो कापला की आतून छोटे शौथाओ निघतात, आणि तेच पाहुण्यांना वाटले जातात.