पिल्लं कमी निघाली? न फुटलेली अंडी फोडून बघा

आमच्याकडून उबवणी मशीन घेतलेल्या ग्राहकांसाठी

एकविसावा दिवस उलटला आणि निम्मीच पिल्लं निघाली, की पहिला संशय मशीनवर जातो. कधीकधी तो बरोबरही असतो. पण बाविसाव्या दिवसानंतर उरलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून बघा. (घराबाहेर फोडा, वास भयंकर येतो.)

आत नुसता स्वच्छ बलक असेल, तर अंडं बहुधा फलित नव्हतं. दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. किराणा दुकानातली पांढरी अंडी लेअर फार्मची (फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली) असतात, तिथं कोंबडाच नसतो.

रक्ताचं कडं दिसलं, तर जीव पहिल्या आठवड्यातच गेला. मराठवाड्यात उन्हाळ्यात हेच जास्त होतं. पत्र्याच्या खोलीत साठवलेलं अंडं गरमीनं अर्धवट वाढायला लागतं आणि मरतं. साठवणीला 15 ते 18 अंश उत्तम, तेही सात दिवसांच्या आत. एवढा गारवा घरात मिळत नाही. मग अंडी मडक्यात घालून मडकं ओल्या वाळूत ठेवा आणि दोन-तीन दिवसांतच बसवा. धुऊ नका.

दुसरी गोष्ट आम्ही विकतानाही सांगतो: मशीन तापवते, गार करत नाही. खोलीत 42 अंश असतील तर आत 37.5 राहणारच नाहीत. माळवदाची खोली असेल तर तिथं ठेवा, नाहीतर मे महिन्यात अंडी बसवूच नका. मशीनवर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्याची शंका आली तर तापाचा थर्मामीटर आत ठेवून ताडून बघा.

पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मेलं असेल, तर बहुतेक दमटपणा चुकला. अठरा दिवस 50 ते 55 टक्के, नंतर 65 ते 70. पिल्लू पापुद्र्याला चिकटलेलं असेल तर हवा कोरडी पडली. फुगलेलं, पाणावलेलं असेल तर पाणी जास्त झालं. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद करा आणि झाकण उघडू नका. पोरांना पिल्लं बघायची घाई असते, त्यांना काचेतूनच दाखवा.

लाइट गेली तर मशीनवर गोधडी टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा.

तरीही जमलं नाही तर फोन करा. अंडी कुठली, कधी बसवली आणि फोडल्यावर आत काय दिसलं, एवढं लिहून ठेवा.