पान उलटून पाहण्याची रीत: गोव्याच्या घाटातील नेच्यांच्या ओळखीची पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस स्थिरावला की चोर्ला घाटात, मोलेच्या जंगलात आणि नेत्रावळीच्या ओहळांकाठी जमिनीवर वाढणारे नेचे पाहता पाहता दरडी झाकून टाकतात. त्यांना फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही, त्यामुळे फुलावरून झाड ओळखण्याची सवय असलेला माणूस त्यांच्यापुढे अडतो. नेच्याची जात ठरवण्याची आजची रीत सुमारे साडेतीनशे वर्षांत घडत गेली, आणि तिच्या आरंभीच्या एका प्रकरणाशी गोव्याचे जवळचे नाते आहे.

डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीनमध्ये सिद्ध केलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याला माहिती पुरवणारे रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे वैद्य पूर्वी गोव्यातून स्थलांतर केलेल्या कोकणी समाजातले होते, आणि त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. शेवटच्या खंडात नेच्यांची चित्रे आहेत. त्यांत आपला हंसराज हा नेचा ‘अवेंका’ या नावाने येतो, आणि पोर्तुगीज भाषेतही हंसराजाच्या कुळीला हेच नाव आहे.

पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने नेच्यांना आपल्या चोविसाव्या, म्हणजे अपुष्प वनस्पतींच्या वर्गात घातले. हंसराजाला त्याने ‘एडिएंटम फिलिपेन्स’ म्हटले. १७६८ मध्ये बर्मनने त्याच वनस्पतीला ‘लुन्युलेटम’ (म्हणजे चंद्रकोरीसारखे) हे नाव दिले आणि तेच अनेक जुन्या पुस्तकांत रुजले. ते अधिक बोलके आहे, कारण त्याच्या दलांचा, म्हणजे पानाच्या लहान भागांचा, आकार खरोखरच चंद्रकोरीसारखा असतो. मात्र ओळखीच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे पाऊल १७९३ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ याने उचलले असे मला वाटते. पानामागच्या बीजुककोशांच्या, म्हणजे बीऐवजी नेच्याची पैदास करणाऱ्या सूक्ष्म कणांच्या पिशव्यांच्या, पुंजावर जे पातळ झाकण असते, ते कोठे जोडलेले आहे आणि कोणत्या बाजूने उघडते, यावर त्याने प्रजातींची मांडणी केली.

याचे मोल घाटातच कळते. ओलसर दरडीवर ‘ब्लेक्नम ओरिएंटेल’ हा मोठा नेचा वाढतो. त्याची कोवळी पाने तांबूस असतात आणि लांबट दले मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी ओळीत लागतात. ‘टेरिस व्हिटाटा’ची ठेवणही वरून पाहता जवळपास तशीच, त्यामुळे केवळ आकारावर विसंबणारा सहज फसतो. पान उलटले की शंका उरत नाही. पहिल्यात बीजुककोशांच्या तपकिरी रेघा दलाच्या मधल्या शिरेला दोन्ही अंगांनी चिकटून धावतात, तर दुसऱ्यात त्या दलाच्या कडेला असतात आणि आत दुमडलेली कडाच त्यांचे झाकण होते. खाली आखूड होत गेलेली दले आणि देठाच्या बुडाशी असलेले खवलेही पाहावे लागतात, म्हणून नुसते पानाचे टोक तोडून आणलेला नमुना फारसा उपयोगाचा नसतो. पानाच्या वरच्या बाजूचे सुंदर छायाचित्रही तितकेच अपुरे.

एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम याने दक्षिण भारतातील नेच्यांचे चित्रमय ग्रंथ काढले, आणि १९२२ मध्ये एथेलबर्ट ब्लॅटर व द’आल्मेडा यांचा मुंबई इलाख्यातील नेच्यांवरचा ग्रंथ आला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता, म्हणून तो या दोन्ही इलाख्यांबाहेर राहिला. डोंगररांग एकच, पण कागदावर तिचे तुकडे झाले, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. गोव्यातल्या नेच्याचे नाव शोधताना आजही शेजारच्या प्रदेशांवरचे ग्रंथ उघडावे लागतात.

अलीकडे डीएनएच्या आधारे कुळेच नव्याने जुळवली गेली. २०१६ मध्ये नव्वदहून अधिक तज्ज्ञांनी मिळून मांडलेल्या वर्गीकरणात नेचे आणि त्यांच्या जोडीच्या बीजुकधारी वनस्पती मिळून सुमारे ११,९१६ जाती धरल्या आहेत, आणि त्याच वर्षी ‘ब्लेक्नम ओरिएंटेल’ ‘ब्लेक्नॉप्सिस ओरिएंटॅलिस’ या नावाखाली गेला. वनस्पतिसंग्रहातल्या चिठ्ठीवर जुने नाव असेल आणि नव्या यादीत दुसरे, तर तो वेगळा नेचा समजू नये. चिकटवलेल्या पानाची मागची बाजू पाहावी, तपकिरी रेघा मधल्या शिरेलगतच सापडतील.