पार्श्वभूमी : राष्ट्र आणि क्रांती यांच्या कात्रीत सापडलेले विन्निचेंको

युक्रेनी भाषेतली छपाई आणि नाटकं यांवर रशियाच्या झारने १८७६मध्ये बंदी घातली. पुढे नाटकांना थोडी सवलत मिळाली, तरी रंगमंचावर येत ते बहुतेक खेड्यातले प्रसंग आणि गाणी. युक्रेनी नाटककार आणि राजकारणी व्होलोदिमिर विन्निचेंको (जन्म १८८०) याच काळात वाढले. कीव विद्यापीठात कायदा शिकताना ते क्रांतिकारी चळवळीत ओढले गेले. पुढची बरीच वर्षं तुरुंगात आणि परदेशात गेली.

त्यांनी युक्रेनी नाटक शहरात आणलं. ‘काळी चित्ती आणि पांढरं अस्वल’ या १९११च्या नाटकातला चित्रकार आजारी मूल आणि अपुरं चित्र यांत अडकतो. मूल दगावतं, तरी त्याचा कुंचला थांबत नाही. दोन निष्ठांपैकी एकीचा बळी द्यावाच लागतो, हा पेच विन्निचेंकोंनी पुन्हापुन्हा मांडला. पुढे तो त्यांच्याच वाट्याला आला.

झारची सत्ता उलथवणाऱ्या १९१७च्या क्रांतीनंतर कीवमध्ये ‘मध्यवर्ती राडा’ ही प्रतिनिधीसभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या मंत्रिमंडळाचे प्रमुख विन्निचेंको झाले. राडाच्या बहुतेक जाहीरनाम्यांमागे त्यांची लेखणी होती. मात्र त्या काळच्या अनेक समाजवाद्यांप्रमाणे त्यांनाही खड्या फौजेचा संशय होता. सैन्य उभारू पाहणाऱ्या सिमोन पेतल्युरांशी त्यांचं बिनसलं. जानेवारी १९१८मध्ये त्यांनी पद सोडलं आणि काही दिवसांतच लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या फौजा कीवमध्ये शिरल्या. या पराभवाचं सारं खापर एकट्या विन्निचेंकोंवर फोडणं अन्यायाचं आहे. पण सरकारचे प्रमुख तेच होते, ही जबाबदारी टळत नाही.

पुढे बोल्शेविकांना हटवणाऱ्या जर्मनांच्या पाठिंब्याने आलेल्या सेनापती स्कोरोपाद्स्कींच्या राजवटीविरुद्ध नोव्हेंबर १९१८मध्ये उठाव झाला. त्यासाठी नेमलेल्या ‘डिरेक्टरी’ या नेतृत्वमंडळाचे अध्यक्षही विन्निचेंकोच. फेब्रुवारी १९१९मध्ये तेही पद सुटलं आणि ते पेतल्युरांकडे गेलं. व्हिएन्नाला जाऊन विन्निचेंकोंनी ‘राष्ट्राचा पुनर्जन्म’ हा तीन खंडांचा वृत्तान्त लिहिला.

१९२०मध्ये ते बोल्शेविकांशी बोलणी करायला मॉस्कोला आणि सोव्हिएत युक्रेनची तेव्हाची राजधानी खारकीवला गेले. सोव्हिएत युक्रेनमध्ये पद देऊ केलं गेलं, पण खरी सत्ता मॉस्कोतच राहणार हे कळल्यावर ते परतले. या भेटीमुळे राष्ट्रवादी त्यांना गद्दार म्हणू लागले. बोल्शेविकांच्या लेखी ते भांडवलदारी राष्ट्रवादीच राहिले.

उरलेलं आयुष्य मुख्यतः फ्रान्समध्ये गेलं. तिथे मूजँ गावात ते लिहीत, चित्रं काढत. १९५१मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. सोव्हिएत युक्रेनमध्ये १९३०च्या दशकापासून बंदी असलेली त्यांची पुस्तकं १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा छापली जाऊ लागली.