द मॅन फ्रॉम अंकल (मालिका व चित्रपट)

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर १९६४ ते १५ जानेवारी १९६८ या काळात चाललेली गुप्तहेर मालिका व तिच्याच भागांतून तयार झालेले आठ चित्रपट. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओच्या या मालिकेचे चार पर्वांत १०५ भाग झाले. पहिले पर्व कृष्णधवल होते, पुढची तीन रंगीत. नावातला ‘अंकल’ म्हणजे कोणी काका नव्हे. ‘युनायटेड नेटवर्क कमांड फॉर लॉ अँड एन्फोर्समेंट’ या काल्पनिक आंतरराष्ट्रीय संघटनेची ती आद्याक्षरे आहेत.

निर्माता नॉर्मन फेल्टन याने १९६२ मध्ये जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याच्याशी या कल्पनेवर चर्चा केली. नायकाचे नेपोलियन सोलो हे नाव फ्लेमिंगचे. पण बाँडपटांच्या निर्मात्यांनी हरकत घेतली आणि फ्लेमिंगने आपले हक्क एका पौंडाला सोडून दिले. ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटात सोलो नावाचा एक गुंड असल्याने मालिकेचे ‘सोलो’ हे आधीचे शीर्षकही मागे पडले. संघटना, तिचे नियम आणि शत्रू यांची सगळी मांडणी सॅम रोल्फ याने केली. तेव्हा या मालिकेला फ्लेमिंगची निर्मिती म्हणणे रोल्फवर अन्याय करणारे ठरते.

संघटनेचे मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये, डेल फ्लोरिया नावाच्या साध्या शिंप्याच्या दुकानामागे दडलेले. कपडे बदलायच्या खोलीत शिरून भिंतीवरचा हूक फिरवला की पलीकडे पोलादी दालने उघडत. खिशातल्या पेनावर ‘ओपन चॅनल डी’ म्हटले की मुख्यालयाशी बोलणे सुरू. शत्रूसंघटना ‘थ्रश’. जवळजवळ प्रत्येक भागात एखादा साधा नागरिक, कधी गृहिणी तर कधी शिक्षक, या भानगडीत ओढला जाई. प्रेक्षकाला आपलाच माणूस पडद्यावर दिसे, आणि लेखनातली ही युक्ती सर्वांत कसदार होती.

रॉबर्ट वॉनचा सोलो अमेरिकन, तर डेव्हिड मॅक्कॅलमचा इलिया कुर्याकिन रशियन. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातल्या क्युबाच्या क्षेपणास्त्र-पेचप्रसंगाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी अमेरिकन घराघरांत एक सोव्हिएत माणूस मित्र म्हणून येऊन बसला. सुरुवातीला कुर्याकिनच्या वाट्याला अगदी थोडे संवाद होते. प्रेक्षकांच्या, विशेषतः तरुण मुलींच्या पत्रांचा असा पाऊस पडला की तो लवकरच बरोबरीचा नायक झाला. मॅक्कॅलम मूळचा ग्लासगोचा.

मालिकेतून चित्रपट काढण्याची रीत इथे धंद्याच्या हिशेबाने पक्की झाली. पहिला नमुना-भाग प्रक्षेपणात कृष्णधवल दिसला, तरी चित्रीकरण रंगीत होते. त्याला जादा प्रसंग जोडून ‘टू ट्रॅप अ स्पाय’ तयार झाला. या जोडप्रसंगांत अभिनेत्री लुचाना पालुत्सी होती. त्यांत दूरचित्रवाणीवर चालली नसती इतकी शृंगारिकता होती. शिवाय मालिकेत संघटनाप्रमुख वेव्हर्लीचे काम लिओ जी. कॅरोल करतो, चित्रपटात मात्र नमुना-भागातला जुना प्रमुख, विल कुलुवाने केलेला ॲलिसन, तसाच राहिला. दुसरा चित्रपट ‘द स्पाय विथ माय फेस’ हाही एकाच भागावर बेतलेला. या दोन्हींसाठी वाढवून घेतलेले प्रसंग वाया गेले नाहीत. त्यांतूनच मालिकेचा आणखी एक भाग बेतला गेला! अमेरिकेत १९६६ मध्ये हे दोन्ही एका तिकिटात दाखवले.

‘वन स्पाय टू मेनी’पासून (१९६६) दोन भागांची सलग कथा लिहायची आणि ती जोडून चित्रपट करायचा, असा शिरस्ता पडला. त्यात इव्हॉन क्रेगचे उपकथानक नव्याने घातले. पुढचे चित्रपट मुख्यतः परदेशांसाठी होते. ब्रिटनमध्ये ते चांगले चालले. तिथे रंगीत प्रक्षेपण १९६७ मध्ये सुरू झाले, त्यामुळे घरी करड्या छटांत पाहिलेले नायक रंगांत पाहायचे तर चित्रपटगृहच गाठावे लागे. ‘द स्पाय इन द ग्रीन हॅट’मध्ये जॅक पॅलन्स व जॅनेट ली, ‘द कराटे किलर्स’मध्ये जोन क्रॉफर्ड अशी मोठी नावे आहेत. आठवा आणि शेवटचा चित्रपट ‘हाऊ टू स्टील द वर्ल्ड’ (१९६८).

चित्रपट म्हणून ते विस्कळीत आहेत. जिथे मुळात जाहिरातीसाठी भाग थांबे, तिथे नेमका उत्कंठेचा झटका येतो आणि पुढचे दृश्य थंडपणे सुरू होते. पण संकलनाची कारागिरी अभ्यासायची असेल, तर मूळ भाग आणि चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

तिसऱ्या पर्वात ‘बॅटमॅन’ या विनोदी ढंगाच्या मालिकेच्या यशामागे लागून मालिका थिल्लर झाली. त्याच काळात स्टेफनी पॉवर्सची ‘द गर्ल फ्रॉम अंकल’ आली आणि एका वर्षात संपली. चौथ्या पर्वात पुन्हा गांभीर्य आणले, तोवर प्रेक्षक निघून गेला होता, आणि पर्व अर्ध्यावरच थांबवले गेले.

वॉन व मॅक्कॅलम १९८३ च्या दूरचित्रपटात पुन्हा एकत्र आले. गाय रिची याच्या २०१५ च्या चित्रपटाने कथा १९६३ मध्ये नेली. त्यात हेन्री कॅव्हिलचा सोलो आणि आर्मी हॅमरचा कुर्याकिन आधी एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि ‘अंकल’ हे नाव त्यांना मिळते ते अगदी शेवटच्या प्रसंगात.