आधी लघवी-शौचाचं विचारा, मग शस्त्रक्रियेचं

एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया झाल्यावर काही जणींची लघवीची धार लवकर सुरूच होत नाही. काहींना दिवसातून चार-पाच वेळा संडासला पळावं लागतं. घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडलं. कधी ते खरं असतंही. पण पुष्कळदा हा त्रास ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासूनचा असतो. कुणी विचारलेलं नसतं आणि लाजेपोटी तिनेही सांगितलेलं नसतं.

गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतं, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननाच्या वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात 19 कोटी जणींना तो आहे. आपल्याकडे अंडाशयावरची ‘चॉकलेट सिस्ट’ बऱ्याच जणींनी ऐकलेली असते. लघवी-शौचाचे हाल करतो तो मात्र खोलवर रुजणारा प्रकार. गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे दोन अस्थिबंध, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली जागा, गुदाशयाची भिंत, क्वचित मूत्राशयाची भिंत, अशा ठिकाणी तो घट्ट गाठी करतो आणि अवयव एकमेकांना चिकटवून टाकतो. मग पाळीत शौचाला बसलं की कळ येते, मूत्राशय भरलं की दुखतं. ‘पाळीत असं व्हायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं ते अंगावर काढलं जातं.

नेमक्या याच अस्थिबंधांच्या कडेने काही बारीक चेतातंतू (नर्व्ह) जातात, आणि शस्त्रक्रियेतली खरी कसोटी इथे आहे. वरून येणाऱ्या चेता मूत्राशयाला सैल ठेवतात, म्हणजे लघवी साठू शकते. कण्याच्या अगदी खालच्या भागातून निघणाऱ्या चेता मूत्राशय आकुंचित करून ते रिकामं करवतात आणि गुदाशयालाही चालना देतात. दोन्हींचं जाळं गुदाशयाच्या डाव्या-उजव्या अंगाला विणलेलं असतं. रोगट भाग पूर्ण काढायच्या प्रयत्नात दोन्ही बाजूंचं जाळं दुखावलं, तर मूत्राशय भरल्याचं कळत नाही, किंवा कळूनही ते नीट आकुंचन पावत नाही. आणि गाठ स्वतःच चेतांना वेढून बसली असेल, तर बिघाड शस्त्रक्रियेआधीच सुरू झालेला असतो.

म्हणून आता चेता आधी शोधून, सोडवून, बाजूला ठेवून मग गाठ काढण्याची पद्धत वाढते आहे. इटलीत व्हेरोनाजवळच्या नेग्रार इथल्या शल्यचिकित्सकांनी 2012 मध्ये अशा पद्धतीची जुन्या पद्धतीशी तुलना प्रसिद्ध केली. चेता वाचवलेल्या स्त्रियांना नळीने लघवी काढावी लागण्याचा काळ बराच कमी होता. मात्र आजार चेतांमध्येच शिरला असेल, तर कुशल हातांनाही सगळं वाचवता येत नाही.

आतड्यावर गाठ असेल तर ती वरवर तासून काढायची, चकतीएवढा भाग कापायचा, की आतड्याचा तुकडाच काढून टोकं जोडायची? कमी कापलं तर त्रास कमी, असं कुणालाही वाटेल. फ्रान्समधल्या तीन विद्यापीठ रुग्णालयांनी 60 स्त्रियांवर ही तुलना केली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. दोन वर्षांनंतर शौचाची किंवा लघवीची काही ना काही तक्रार असलेल्यांचं प्रमाण कमी कापलेल्या गटात सुमारे 48 टक्के, तर तुकडा काढलेल्या गटात सुमारे 39 टक्के होतं. एवढ्या लहान अभ्यासात हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही गटांत तक्रारी भरपूर उरल्या. आधीची स्थिती नोंदवलेली नसेल, तर यातलं शस्त्रक्रियेने काय दिलं आणि आजाराने काय, हे सांगायचं कसं?

नोंदवण्याचं साधन सोपं आहे. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा त्रास मोजायला डेन्मार्कमध्ये ‘लार्स’ गुणांक तयार झाला. तो आता एंडोमेट्रिओसिसमध्येही वापरतात. प्रश्न फक्त पाच: वायू रोखता येतो का, पातळ शौच नकळत होतं का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि लागली की धावतच सुटावं लागतं का. कमाल गुण 42, त्यातले 16 एकट्या शेवटच्या प्रश्नाला. हे भान मला फार मोलाचं वाटतं, कारण लोकल किंवा एसटीने कामावर जाणाऱ्या बाईला विचाराल तर तीही हेच सांगेल. कुंथावं लागणं, पाळीतली कळ या गोष्टी मात्र हा गुणांक विचारत नाही. त्या आपणहून सांगाव्या लागतात. शस्त्रक्रियेआधी दोन-तीन दिवस किती वेळा आणि किती लघवी झाली याची मोजून वही ठेवली, तर डॉक्टरांच्या हाती ठोस काही येतं.

शस्त्रक्रियेनंतर नळी काढली की लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने उरलेली लघवी मोजतात. ती वारंवार 100 मिलीलिटरच्या वर उरत असेल तर बहुतेक ठिकाणी लक्ष ठेवलं जातं. लागल्याची जाणीव नसली तरी घड्याळ बघून तीन-चार तासांनी जायचं, कारण फार ताणलेल्या मूत्राशयाचा स्नायू आणखी ढिला पडतो. काहींना बारीक नळी स्वतः घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकूनच धडकी भरते, पण नर्सबाईंनी आरसा धरून एकदा नीट दाखवलं की बऱ्याच जणींना जमतं, आणि बहुतेकांना काही आठवडे-महिन्यांत त्याची गरज उरत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळूनच राहत असतील तर फिजिओथेरपीने ते सैल सोडायला शिकता येतं. ओटीपोट तट्ट फुगलंय आणि लघवी थेंबथेंबच येतेय, असं झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालयात जावं.